कानाच्या कडेवरचं ऊन

...आणि कान! कानाला कोण उन्हाचं क्रीम लावतं हो? तुम्ही लावता? तुम्ही? मागच्या रांगेतले, तुम्ही? नाही ना? बघा, बघा, सगळ्यांचे हात गेले आपापल्या कानांकडं! अहो, माणूस तोंडाला लावतो, फार तर मानेला लावतो, बायकोनं डोळे वटारले तर हातांना लावतो, पण कान ही काय क्रीम लावायची जागा आहे? कान म्हणजे चष्म्याच्या काड्या अडकवायला, पेन्सिल खोचायला आणि घरची बोलणी ऐकायला, एवढंच मी आजवर धरून चाललो होतो. आणि नेमका तिथंच, उजव्या कानाच्या वरच्या कडेला, जी जागा माणसाला स्वतःची स्वतःला जन्मात दिसत नाही अशा ठिकाणी... डाग!

तुम्हाला सांगतो, तो डाग मला सापडलाच नाही. तो सापडला सलूनवाल्याला. मी आपला डोळे मिटून निवांत बसलोय, कात्री चाललीये कचकच कचकच, छान पेंग यायला लागलीये, आणि कात्री एकदम थांबली. आता सलूनमध्ये कात्री थांबली की माणूस जागा होतोच, भाषण संपल्यावर होतो तसा. डोळे उघडले तर हा माझ्या कानापाशी वाकून बारीक नजरेनं बघतोय. म्हणतो, "साहेब, हे काय आहे हो?" मी म्हटलं, "कान." "कान नव्हे हो, कानावर! काळं काहीतरी आहे." मी म्हटलं, "मळ असेल, पूस." त्यानं पुसलं. जोरात पुसलं. मग टॉवेल ओला करून पुसलं. कान लालभडक झाला, पण हा काही हलेना. मग म्हणाला, "निघत नाही साहेब. आमच्याकडं एक गिऱ्हाईक होतं, त्यांना असंच आलं होतं कानावर." "मग?" "मग काय... आता येत नाहीत ते." येत नाहीत! अहो, माणसाच्या गळ्याला कापड बांधलेलं, अर्धे केस कापलेले, पळता येत नाही, आणि हा म्हणतो येत नाहीत! मी घाबरत घाबरत विचारलं, "येत नाहीत म्हणजे? काय झालं त्यांना?" तर पुन्हा कचकच सुरू करून म्हणतो, "काय की साहेब, टक्कल पडलं असेल."

घरी आलो तो तडक बाथरूममध्ये. एक आरसा भिंतीवर, एक हातात, मान वाकडी, डोळा तिरका. आता दोन आरसे समोरासमोर धरले की उजवं कुठलं आणि डावं कुठलं, याचा पत्ता लागतो का? नाही लागत! मी बराच वेळ एक कान तपासला, वर, खाली, मागं, पुढं. स्वच्छ! एकदम स्वच्छ! म्हटलं, सलूनवाल्याच्या डोळ्यांत दोष आहे. गाणं म्हणत बाहेर आलो. बायको म्हणाली, "अहो, हे काय कानावर?" मी इतका वेळ डावा कान तपासत होतो.

मग सगळं घर माझ्या कानाला लागलं. बायको म्हणाली, "एवढंसं आहे हो, मोहरीएवढं." बरं वाटलं. संध्याकाळी मुलगी कामावरून आली, तिनं बघितलं, म्हणाली, "बाबा, मसुराएवढा आहे की!" अहो, दुपारी मोहरी आणि संध्याकाळी मसूर? या वेगानं रविवारपर्यंत भोपळा होतोय माझ्या कानावर! मुलीनं लगेच मोबाइल काढला. हल्ली दुखणं अंगात कमी आणि मोबाइलमध्येच जास्त असतं. वाचायला लागली, "बाबा, इथं लिहिलंय बघा, उन्हानं असे डाग येतात. कुणाला येतात? ज्यांचं काम बाहेर असतं, वय पन्नाशीच्या पुढं, केस विरळ, कान उघडे, टोपी घालत नाहीत, कुणाचं ऐकत नाहीत..." मी म्हटलं, "अगं, पत्ता पण दिलाय का माझा?" ती म्हणाली, "बहुतेक डाग साधे असतात." मी म्हटलं, "आणि उरलेले?" तर म्हणते, "बाबा, चार्जिंग संपलं." चार्जिंग संपलं नव्हतं हो! मला दिसत होतं! कान दिसत नाही, पण चार्जिंग दिसतं मला!

आणि डाग? डाग आहे तिथंच!

आता तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात, उन्हात जाऊ नका. अहो, माझा धंदाच उन्हाचा आहे! मी सोलरचं काम करतो. लोकांच्या गच्चीवर पॅनल बसवून देतो. भर दुपारी गच्चीवर चढायचं, ऊन कुठं पडतं, किती वेळ टिकतं, सावली कुठून सरकत येते, ते बघायचं, खडूनं खुणा करायच्या आणि खुणांवर पॅनल. आमच्या धंद्यात सावली म्हणजे वैरी! पॅनलच्या एका कोपऱ्यावर सावली पडू दे, त्याच्याबरोबर आख्खी ओळ मान टाकते. गच्चीवर सावली दिसली की माझ्या कपाळावर आठी. आणि ऊन दिसलं की? "वा! काय ऊन आहे हो तुमच्याकडं! भाग्यवान आहात!" असं मी वर्षानुवर्षं बोलत आलो, डोक्यावर काही न घेता. टोपी का नाही म्हणता? अहो, टोपी घालून, कान झाकून, सावलीच्या आडोशाला उभा राहून एखादा माणूस सांगायला लागला की ऊन ही फार चांगली गोष्ट आहे, तर तुम्ही त्याच्याकडून सोलर घ्याल? नाही घेणार! मग उघड्या डोक्यानं उभं राहायचं, हसायचं, आणि कानावर ऊन घ्यायचं. झालं.

शेवटी बायकोनं धरून नेलं डॉक्टरबाईंकडं. कातडीच्या डॉक्टर. स्वतःची कातडी अशी की वयाचा अंदाज लागत नाही. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, माझा कान धरला... शाळेनंतर पहिल्यांदाच कुणी धरला हो... आणि बघत राहिल्या. बघत राहिल्या. आणि मग म्हणाल्या, "हं."

हं! तुम्हाला सांगतो, डॉक्टरच्या तोंडून "हं" येण्यासारखं भयंकर काही नाही. "अरेरे" म्हणाल्या असत्या तर निदान कळलं असतं! मी विचारलं, "हं म्हणजे?" तर त्या मलाच विचारतात, "काम काय करता?" म्हटलं, "सोलर." "म्हणजे उन्हात?" "उन्हातच." "टोपी?" "नाही." "पूर्ण बाह्यांचा शर्ट?" मी अर्ध्या बाह्यांच्या शर्टात समोर बसलेलो, काय सांगणार? "क्रीम लावता?" मी आपलं खरं ते सांगितलं, "आमच्या लग्नात लावलं होतं." बायकोनं मांडीला चिमटा काढला. डॉक्टरबाई भिंग ठेवून म्हणाल्या, "बहुतेक साधाच डाग आहे. पण लक्ष ठेवायला हवं."

बहुतेक! अहो, विमानात बसलाय तुम्ही आणि पायलट म्हणाला, "बहुतेक उतरू आपण," तर घास जाईल का घशाखाली? मला पुढं काही सुचेना आणि बाई सांगताहेत सांगताहेत, "दहा ते चार उन्हात जायचं नाही. गेलातच तर सावली धरायची. रुंद काठाची टोपी, लांब बाह्या, क्रीम दोन बोटं भरून घ्यायचं, घाम आला की पुन्हा, दर दोन तासांनी पुन्हा, ढग आले म्हणून सोडायचं नाही. पांढऱ्या गच्चीवरून ऊन खालूनसुद्धा येतं. आणि कान विसरायचे नाहीत." मी म्हटलं, "बाई, दहा ते चार हाच तर माझा धंदा!" त्या म्हणाल्या, "मग सावलीत उभे राहून करा."

सावलीत उभे राहून करा. हे वाक्य ध्यानात ठेवा. मी ठेवलं, आणि त्यापायीच सगळा घोळ झाला. कारण उठता उठता बाई म्हणतात, "अहो, तुम्ही सोलरचं काम करता ना? मग माझ्या दवाखान्यावर बसवून द्या की. लाइट सारखी जाते इथली. एकदा गच्ची बघून घ्या." आता जिच्या हातात आपला कान आहे, तिला माणूस नाही कसा म्हणणार?

दुसऱ्या दिवसापासून घरात क्रीमचा कार्यक्रम सुरू. दोन बोटं भरून! अहो, पण कुणाची बोटं? माझ्या बोटांच्या मापानं घेतलं तर निम्मी ट्यूब एका गालावर संपते! बायको सकाळी मला खुर्चीत बसवणार, हनुवटी धरून तोंड वर करणार, आणि भिंतीला लांबी लावावी तसं लावत सुटणार. "हलू नका. नाकाचा शेंडा राहिला. हलू नका हो! कान इकडं करा." मी पांढराफटक होऊन कामावर. आमचा फिटर आहे, त्याला सगळे पक्कड म्हणतात, कारण ती त्याच्या हातातून कधी सुटत नाही. माझ्याहून थोराड, इतकी वर्षं उन्हात काढलीत त्यानं, अंगावर फक्त बनियन. मला बघितलं आणि म्हणाला, "साहेब, रंगाच्या डब्यात पडलात का?" मी त्याला म्हटलं, "बाबा रे, तू पण लाव, दोन बोटं भरून." तो म्हणाला, "मला कशाला? मी आतून बाहेरून सारखाच काळा. डागाला बसायला जागा कुठाय?"

मग टोपी. रुंद काठाची. रुंद काठाची टोपी आणि गच्चीवरचा वारा, यांचं जमत नाही हो! पहिली टोपी शेजारच्या इमारतीत गेली, दुसरी तिच्या पलीकडच्या. मग मी टोपीवरून कापड बांधलं, हनुवटीखाली गाठ मारली, काळा चष्मा लावला, लांब बाह्या, हातमोजे... आणि एका गिऱ्हाइकाच्या दाराची बेल वाजवली. दार उघडून एक आजी बाहेर आल्या, मला नखशिखांत बघितलं, आणि आत जाऊन, दार लावून ओरडल्या, "आमच्याकडं काही नाही! शेजारी जा!" अहो, गिऱ्हाईक गेलं! शेजारी मी गेलोही असतो, पण तोवर शेजाऱ्यांनीही दार लावून घेतलं.

आणि रस्त्यानं चालणं बघा माझं! कुठं सावली दिसली की तिकडं. बससाठी थांबलो तर विजेच्या खांबाच्या सावलीत. आता खांबाची सावली केवढी? वीतभर! मी आडवा उभा राहायचो, श्वास आत घेऊन, तरी पोट बाहेर उरायचं. पोटाला क्रीम नव्हतं ना लावलेलं! मग अर्धा वेळ पोट उन्हात, अर्धा वेळ पाठ. लोक बघायचे. बघेनात का! एक माणूस बराच वेळ बघून जवळ आला, म्हणाला, "काय, खांब पडतोय का?" ज्याच्या कानावर डाग नाही त्याला सगळं हसूच येतं हो. मी तिथं उभा राहून काय विचार करायचो, माहितीये? इतकी वर्षं जे ऊन मी लोकांना विकलं, ते माझ्याच कानावर हप्त्याहप्त्यानं साठत होतं, आणि आता वसुलीला आलंय. घाम फुटायचा. घाम फुटला की क्रीम पुन्हा.

आणि डाग? डाग आहे तिथंच!

तर अशा मनःस्थितीत मी डॉक्टरबाईंच्या गच्चीवर गेलो. दुपार. ऊन असं की पायाखालची फरशी चपलेतून बोलत होती. गच्चीच्या मधोमध जिन्याची खोली, तिच्या डोक्यावर पाण्याची टाकी, चांगलं उंच प्रकरण. त्याच्या एका बाजूला ही ऐसपैस गार सावली. आता तुम्ही सांगा, मी कुठं उभा राहणार? डॉक्टरांच्याच गच्चीवर, डॉक्टरांचाच सल्ला! सावलीत उभे राहून करा! मी सावलीत उभा राहिलो. टेप काढली, सावलीतच सोडली. खडू काढला, वाकून खूण केली, सावलीतच. दुसरी खूण करायला पुढं सरकलो, तर सावलीच्या कडेला ऊन लागलं, मागं आलो. इतका बरा वाटत होता तो कोपरा! वारा येत होता, कानाला ऊन नव्हतं, पंधरवड्यात पहिल्यांदा छातीतली धडधड जरा थांबली होती. मनात म्हटलं, वा, काय जागा आहे! आणि सगळ्या खुणा तिथंच. इतकी वर्षं सावलीशी भांडलेला माणूस मी, पण त्या दिवशी सावली मला सावली वाटलीच नाही हो. नुसतं बरं वाटत होतं.

बरं, बसवताना तरी कळावं? पण मी सगळं काम पहाटे आणि सकाळी करायला लागलो होतो ना, दहाच्या आत! सकाळी टाकीची सावली पार पलीकडच्या बाजूला. माझ्या खुणांवर कोवळं कोवळं छान ऊन. पक्कडनं खुणांवर भोकं पाडली, स्टँड उभे केले, पॅनल चढवले, नटबोल्ट आवळले. मी कानाला क्रीम लावत बाजूला. बटण दाबलं, वीज सुरू. डॉक्टरबाई खूश. म्हणाल्या, "छान दिसतंय हो!" पक्कड जिना उतरताना एकदा म्हणाला होता, "साहेब, जरा टाकीच्या जवळ नाही वाटत?" मी म्हटलं, "तू उन्हात उभा राहून विचार करतोस, म्हणून तुला तसं वाटतं."

मग पुन्हा डाग दाखवायला गेलो. भिंग. कान. "हं." या वेळचं "हं" जरा लांब होतं. "हंऽऽ." म्हणाल्या, "कड थोडी बदलल्यासारखी वाटते. बारीकसा तुकडा काढून तपासायला पाठवू." काढला. दुखलं नाही, पण त्यावर पट्टी लावली, आणि कानावर पट्टी लावलेला माणूस आरशात बघितला की ना... हसू येत नाही हो. सगळ्या जगाला येतं, त्याला नाही येत.

आणि मग वाट बघणं! फोन वाजला की दचकायचं, नाही वाजला की त्याहून दचकायचं. बायको म्हणायची, "अहो, जेवा." मी म्हणायचो, "जेवतोय." आणि मला आठवायचंच नाही जेवलो की नाही. आणि एका दुपारी वाजला. पडद्यावर डॉक्टरबाई. मी होतो तिथं, जिन्याच्या पायरीवर, बसकण मारली. फोन कानाला लावला... डाव्या... आणि तिकडून स्फोट!

"काय बसवलंय हो तुम्ही वर? सकाळी जरा वीज येते आणि दुपार झाली की सगळं ठप्प! आकाशात ढगाचा ठिपका नाही, रस्त्यावर डांबर वितळतंय, आणि तुमचे पॅनल ढिम्म! बॅटरी अर्धी भरत नाही! लाइट गेली की पेशंटसमोर वही हलवत वारा घेत बसते मी! आधी बघून घेतलं नव्हतंत का काही?"

आणि तुम्हाला सांगतो... मला इतका आनंद झाला! हसू नका. ऐका तरी! डॉक्टर मरणाऱ्या माणसावर असं ओरडतो का? नाही ओरडत! मरणाऱ्या माणसाशी डॉक्टर गोड बोलतो, खांद्यावर हात ठेवतो. ज्याअर्थी बाई मला असं झापताहेत, त्याअर्थी मी ठणठणीत आहे! मनात म्हटलं, ओरडा बाई, ओरडा! अजून ओरडा! फसवणूक म्हणा, बेजबाबदार म्हणा! आणि बाईही चांगल्या तापल्या होत्या हो, "तुमच्यासारख्या अनुभवी माणसानं..." इथवर आल्या होत्या, आणि एकदम थांबल्या. श्वास घेतला. आणि आवाज असा मऊ, असा मऊ करून म्हणाल्या, "बरं... असू दे. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. उद्या दुपारी निवांत या. बोलू. आणि... मिसेसना पण घेऊन या."

मिसेसना पण घेऊन या!

संपलं! अहो, पॅनलच्या तक्रारीला मिसेस कशाला लागते? त्या संध्याकाळी मी घरी आलो आणि म्हटलं, आता सगळं नीट समजावून सांगायला हवं. बायकोला समोर बसवलं. म्हटलं, "हे बघ, विम्याचे कागद कुठं आहेत, ते नीट लक्षात ठेव." ती म्हणाली, "कुठं आहेत?" मला सांगता येईना. ती म्हणाली, "कपाटात वरच्या खणात, निळ्या पिशवीत. मीच ठेवलेत." "बरं. गॅस संपला तर नंबर कुठं लावायचा..." "मीच लावते दर वेळी." "बरं, मोटर बंद पडली तर..." "तर पक्कडला फोन करायचा, तुम्हाला नाही." अहो, मी संसार सोपवायला बसलो होतो आणि माझ्याकडं सोपवायला काही नव्हतंच! तेवढं बोलून ती उठली. कपड्यांच्या घड्या घालत बसली. घातलेली घडी मोडली, पुन्हा घातली, पुन्हा मोडली. माझ्याकडं न बघता म्हणाली, "काही होत नाही तुम्हाला. सकाळी कानाला मी जास्त लावते ना क्रीम. दोन्ही कानांना." आणि पुन्हा तीच घडी मोडली. तेव्हा मला कळलं, की इतके दिवस ती रोज सकाळी "हलू नका" म्हणत होती, ते हात तिचे कापत होते म्हणून. मला खरंच भीती वाटली हो तेव्हा. माझ्यासाठी नाही. तिच्यासाठी वाटली. सकाळी ती खुर्ची मोकळी दिसेल तिला, ही वाटली.

दुसऱ्या दिवशी गेलो. बाईंनी बसा म्हटलं. पाणी दिलं! खुर्ची पुढं ओढली! मी बायकोचा हात धरला आणि म्हटलं, "बाई, आडपडदा नको. सांगून टाका. मला किती..." बाई म्हणाल्या, "काय किती? साधा डाग आहे. उन्हाचा. तपासणीत काही नाही निघालं."

काही नाही निघालं! बायको रडायलाच लागली. मला हसावं की रडावं कळेना, म्हणून मी चिडलो. म्हटलं, "मग काल एवढ्या गोड का बोललात?" त्या म्हणाल्या, "समोर पेशंट येऊन बसला होता. त्याच्यादेखत किती ओरडायचं?" "आणि हिला का बोलावलंत?" "क्रीम त्याच लावतात ना तुम्हाला? कानाच्या मागच्या बाजूला राहतंय, ते दाखवायचं होतं." अहो! एवढ्यासाठी! मी आदल्या दिवशी निळ्या पिशवीपर्यंत जाऊन आलो होतो!

"आता चला वर," बाई म्हणाल्या. गेलो वर, तिघंही. दुपार, ऊन मी म्हणत होतं. बाई छत्री उघडून उन्हात उभ्या, बायको त्यांच्या छत्रीत, आणि मी समजावून सांगायला लागलो, वायर बघायला हवी, बॅटरी बघायला हवी, कंपनीला विचारायला हवं, असं आणि तसं. बाई ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "एक सांगा. तुम्ही आत्ता कुठं उभे आहात?" मी खाली बघितलं. मी टाकीच्या सावलीत उभा होतो. आपोआप आलो होतो हो, पाय आपणहून आले! आणि माझ्या एका बाजूला पॅनल, दुसऱ्या बाजूला पॅनल, सगळेच्या सगळे माझ्यासारखेच गार सावलीत, निवांत! म्हटलं, "बाई... तुम्हीच सांगितलं होतं ना, सावलीत उभे राहा म्हणून."

बाई म्हणाल्या, "तुम्हाला सांगितलं होतं! पॅनलला नाही!"

बायको छत्रीखाली तोंडावर पदर धरून हसत होती. काल घड्या मोडत बसलेली ती हीच का, असा प्रश्न पडावा इतकी हसत होती. हसू आवरून तिनं विचारलं, "डॉक्टर, तो डाग साधा आहे हे ठीक, पण निघेल का हो? रोज सकाळी बघून पोटात धस्स होतं." बाई म्हणाल्या, "निघेल की. लेझरनं निघेल, नवीन मशीन घेतलंय. पण ते मशीन वीज फार ओढतं, आणि मध्येच लाइट गेली तर यांचा अर्धाच डाग निघायचा. त्यासाठीच तर हे पॅनल घेतले होते मी." आणि माझ्याकडं वळून म्हणाल्या, "पॅनल दुपारचे चालायला लागले की या. पहिला नंबर तुमचाच."

आता बघा हं, काय झालंय ते. डाग घालवायचा तर मशीन चालायला हवं. मशीन चालायचं तर पॅनल उन्हात न्यायला हवेत. आणि ऊन नेमकं कुठं पडतं, हे कधी बघायचं? सकाळी बघून काय झालं ते बघितलंत ना? दुपारीच बघावं लागतं! भर दुपारी, उन्हाच्या मधोमध उभं राहून, एक एक खूण पुन्हा करायची. पक्कड तयारच आहे, बनियन घालून. तर उद्या चाललोय. टोपी, बाह्या, क्रीम दोन बोटं भरून, कान पुढून, कान मागून, सगळं करून चाललोय. एक डाग घालवायला चाललोय हो वर... खाली येताना किती घेऊन येतो, देव जाणे!